पिग्मीचा हिशेब जुळत नाही, एरर पण येत नाही. एक्सेप्शन पकडायचं तरी कुठं?

वडगावकरीण

नमस्कार मंडळी. एका पतसंस्थेचं जुनं सॉफ्टवेअर माझ्या गळ्यात पडलंय. जावामधे आहे. लिहिणारा माणूस बेंगळुरूला गेला आणि आता फोन उचलत नाही. पिग्मी एजंट दिवसभर दुकानं फिरून पैसे गोळा करतात, संध्याकाळी मशीनमधली फाईल ऑफिसात देतात, आणि रात्री आमचा प्रोग्रॅम त्या सगळ्या फायली वाचून ज्याच्या त्याच्या खात्यात जमा टाकतो. एका ओळीत खाते नंबर, नाव, रक्कम, पावती नंबर. एवढंच.

भानगड अशी की दोनच एजंटांची बेरीज रोज थोडी कमी येते. कधी पन्नास, कधी शंभर, कधी दोनशे. एजंट म्हणतो मी कॅश भरली, कॅशियर म्हणतो व्हय भरली, कॉम्प्युटर म्हणतो कमी. स्क्रीनवर मात्र मस्त 'इंपोर्ट पूर्ण' येतं. कोड उघडला तर लूपच्या आत एक ट्राय (करून बघायचा भाग), त्यात ओळ फोडणं, आकडा करणं, डेटाबेसमधे घालणं सगळं एकत्र, आणि खाली कॅच एक्सेप्शन (म्हणजे त्यात काही बिघडलं तर ते पकडून काय करायचं तो भाग), आणि त्याच्या कंसात काहीच नाही. रिकामा. तो कॅच काढला (टेस्ट मशीनवर हां) तर एका फाईलला प्रोग्रॅम आडवा होतो आणि त्याच्या पुढच्या एजंटांचं काहीच जमा होत नाही. मॅनेजर म्हणतात पहिलं होतं तेच बरं, निदान चालत तरी होतं. आता कॅच ठेवू की काढू?

निपाणीचा_पाहुणा

मॅनेजर बरोबर बोलूलालेत की. दिसली नाही म्हणजे एरर नाही. हाहा.

टिळकवाडी_जावा

पाहुणे, थट्टा नका करू, कितीतरी सॉफ्टवेअरं ह्याच तत्त्वावर चाललेली मी बघितलीत.

ताई, ठेवू की काढू असं नाही बघायचं. एक्सेप्शन टाकणारी मेथड (प्रोग्रॅममधला एका कामाचा तुकडा) एवढंच सांगते की मला जे सांगितलं ते जमलं नाही आणि पुढं काय करायचं ते मला ठरवता येत नाही. मग ते तिला बोलावणाऱ्या मेथडकडं जातं, तिथं कॅच नसेल तर तिच्या वरच्या मेथडकडं, असं करत थेट मेनपर्यंत, म्हणजे प्रोग्रॅम जिथून सुरू होतो तिथं. आपला अर्ज जातो तसं, पंचायतीत निकाल लागला नाही तर तहसीलदार, तिथंही नाही तर डीसी ऑफिस. रिकामा कॅच म्हणजे अर्ज घेऊन ड्रॉवरमधे टाकणारा क्लार्क, वर कुणाला पत्ताच नाही की असा काही अर्ज आला होता. म्हणून कॅच तिथं लिहायचा जिथं बसलेल्याला निर्णय घ्यायचा अधिकार आहे. ओळ सोडली तर चालेल का, का एजंटाची सगळी फाईल थांबवायची, का सगळं इंपोर्ट रद्द करायचं, हे आकडा वाचणाऱ्या मेथडला कसं ठाऊक असणार?

दुसरं म्हणजे कॅच एक्सेप्शन असं लिहिलं की त्यात काय काय येतं ते बघा. सगळ्यात वर थ्रोएबल, त्याच्या खाली दोन फांद्या, एरर आणि एक्सेप्शन. एररच्या बाजूला मेमरी संपणं, स्टॅक ओव्हरफ्लो असली प्रकरणं, त्यांना सहसा हात लावायचा नाही. एक्सेप्शनच्या खाली आयओएक्सेप्शन, एसक्यूएलएक्सेप्शन ही मंडळी आणि रनटाइमएक्सेप्शन नावाचं वेगळं घराणं, त्यात नलपॉइंटर, नंबरफॉरमॅट वगैरे. तुमच्या कोडमधे एजंटानं चुकीचा आकडा टाकला, कोडमधे कुठंतरी नल (म्हणजे काहीच नाही) आला, आणि डेटाबेसच बंद पडला, ह्या तिन्हीला एकच उत्तर आहे, गप्प बसा. तिन्हीची औषधं वेगळी.

आत्ता फक्त एवढं करा, त्या कॅचमधे फाईलचं नाव, ओळ नंबर आणि पूर्ण स्टॅक ट्रेस (एक्सेप्शन कुठल्या कुठल्या मेथडमधून आलं त्याची यादी) लॉगमधे टाका. नुसता मेसेज नको. जुन्या जावात नलपॉइंटरचा मेसेज बऱ्याचदा नल एवढाच यायचा, जावा १४ पासून कुठला व्हेरिएबल नल होता ते सांगायची सोय आली, पण पतसंस्थेत जावा १४ असेल असं वाटत नाही.

खानापूरचा_गडी

आमच्या तिसऱ्या सेमला जावा आहे, व्हायव्हात हमखास थ्रो आणि थ्रोजमधला फरक विचारतात, थ्रो म्हणजे प्रत्यक्ष टाकणं आणि थ्रोज म्हणजे मेथडच्या माथ्यावर जाहीर करणं एवढं पाठ आहे. पण रिकामा कॅच आमच्या लॅबमधल्या निम्म्या प्रोग्रॅममधे असतोय काका. प्रिंट स्टॅकट्रेस लिहिलं की झालं असं सांगतात.

टिळकवाडी_जावा

लॅबमधे ठीक आहे रे, तू समोर बसून बघतोस. रात्री दोन वाजता चालणाऱ्या प्रोग्रॅमचा कन्सोल कोण बघणार? फाईलमधे लॉग पाहिजे. आणि लॉग केलं म्हणजे हाताळलं असंही नाही, लॉग लिहून पुढं तसंच चालू ठेवलं तर हिशेब कमीच राहणार, फक्त का कमी आहे ते कळेल.

वडगावकरीण

लॉग टाकला. आता डोकं जास्त फिरलंय. त्या दोन एजंटांच्या फायलींतच येतं आणि दोन्हीत फक्त पहिल्या ओळीला. नंबरफॉरमॅटएक्सेप्शन, फॉर इनपुट स्ट्रिंग, आणि अवतरणात १०२१. अहो १०२१ हा आकडा नाही तर काय आहे? खातं पण खरं आहे, गणपत गल्लीतल्या एका दुकानदाराचं. बाकीच्या ओळी सुरळीत जातात.

निपाणीचा_पाहुणा

मराठी आकडे टाईप केले असतील त्यानं. सीमाभागात हे व्हायचंच, एक एजंट मराठीत, एक कन्नडात, जावाला कुठलं कळतंय.

वडगावकरीण

नाही हो, फाईलमधे इंग्रजीच आहेत, इथं मी मराठी कीबोर्डवर लिहिलं म्हणून तसं दिसतंय.

चिकोडी_सर

पाहुणे, तुमचा अंदाज चुकला पण मुद्दा मजेशीर काढलात. जावाचं इंटिजर पार्सइंट (मजकुराचा पूर्णांक करणारी मेथड) मराठी आकडे घेतं! कन्नड आकडे पण घेतं. ते प्रत्येक अक्षर युनिकोडच्या हिशेबानं अंक आहे का ते बघतं. पायथनचं इंट पण तसंच. मी वर्गात फळ्यावर करून दाखवतो, पोरांना खरं वाटत नाही. उलट सी शार्पचं इंट पार्स फक्त इंग्रजी अंक घेतं, मराठी दिलं की फॉरमॅटएक्सेप्शन. आणि जावास्क्रिप्टला दिलं तर ते एक्सेप्शन टाकतच नाही, नुसता नॅन (नॉट अ नंबर, म्हणजे आकडा नाही) हातात देतं, आणि मग तो नॅन पुढच्या सगळ्या बेरजांत शिरतो. मला विचाराल तर ह्या सगळ्यांत तोच प्रकार घातक, कारण फुटतं एका ठिकाणी आणि दिसतं भलत्याच ठिकाणी.

अजून एक गंमत, जावात डबल पार्सडबलला (दशांशाचा आकडा करणारी मेथड) मराठी आकडे चालत नाहीत, पण मागंपुढं स्पेस असली तर चालते. पार्सइंटला बरोबर उलटं, मराठी चालतं, स्पेस चालत नाही. एकाच भाषेत, एकाच पॅकेजमधे. ताईंनी रक्कम कशानं वाचली जाते ते पण बघून ठेवावं.

उद्यमबाग_सीपीपी

पहिल्याच ओळीला, आणि दिसायला बरोबर? ताई त्या खाते नंबरच्या स्ट्रिंगची लेंग्थ प्रिंट करा. चार यायला पाहिजे. पाच येईल बघा.

फाईलच्या सुरुवातीला बीओएम असणार. विंडोजच्या जुन्या नोटपॅडमधे यूटीएफ-८ म्हणून सेव्ह केलं की तो फाईलच्या आधी तीन बाइट गुपचूप घालतो, वाचल्यावर त्याचं एक अक्षर होतं, डोळ्याला दिसत नाही. जावाचा यूटीएफ-८ रीडर ते काढत नाही, जसंच्या तसं पहिल्या शब्दाला चिकटवून देतो. ट्रिम केलं तरी जात नाही, कारण जावाच्या ट्रिमला ते स्पेस वाटत नाही. विंडोज १० च्या २०१९ मधल्या अपडेटपासून नोटपॅड बीओएमशिवाय सेव्ह करतो, पण जुनी मशीनं असतात की ऑफिसात.

वडगावकरीण

पाच!!

आणि चौकशी केली, त्या दोघांची मशीनं बिघडलीत, ते सायबर कॅफेत बसून वहीतलं नोटपॅडमधे टाईप करून पेनड्राईव्हवर आणतात. म्हणजे रोज त्यांचा पहिला गिऱ्हाईक गायब. पहिल्या दुकानदारानं पन्नास दिले तर पन्नास कमी, दोनशे दिले तर दोनशे. धन्यवाद दादा, मी तर एजंटावरच संशय घेत होते मनातल्या मनात.

आता बीओएम काढायची ओळ घातली, हे झालं. पण उद्या दुसरं काही आलं तर? आणि काका म्हणाले ते कॅच कुठं लिहायचं ते अजून कळलं नाही.

बेंगळुरूत_अडकलेला

ह्यावर मला बोलायचंय कारण अशा रिकाम्या कॅचमागं त्या डेव्हलपरपेक्षा जावाचा दोष जास्त आहे असं माझं मत. १९९६ ला जावानं चेक्ड एक्सेप्शन आणलं, म्हणजे मेथड आयओएक्सेप्शन टाकत असेल तर एकतर पकड नाहीतर माथ्यावर थ्रोज लिही, नाहीतर कंपाईलच करणार नाही. कल्पना छान. पण संध्याकाळी सहाला ज्याला घरी जायचंय तो माणूस काय करतो, कंपायलरचं तोंड बंद करायला ट्राय कॅच गुंडाळतो आणि आत काही लिहीत नाही, 'नंतर बघू' म्हणून. ते नंतर कधी येत नाही. सी शार्प करताना आंदर्स हेल्सबर्गनं (टर्बो पास्कलवाला तोच) चेक्ड एक्सेप्शन मुद्दाम घेतलं नाही, २००३ च्या मुलाखतीत कारणं पण दिली होती, की प्रोग्रॅम मोठा झाला की ती यादी वाढत जाते आणि लोक शेवटी सरसकट थ्रोज एक्सेप्शन लिहून मोकळे होतात, आणि लायब्ररीच्या नव्या आवृत्तीत एक नवं एक्सेप्शन आलं की वापरणाऱ्या सगळ्यांचा कोड मोडतो. स्काला, कॉटलिन ह्या जावाच्याच मशीनवर चालणाऱ्या भाषांनी पण घेतलं नाही. आणि जावा ८ चे लॅम्डा (बिननावाच्या छोट्या मेथडी) वापरून बघा, स्ट्रीमच्या आत चेक्ड एक्सेप्शन टाकायचं म्हणजे नाकी नऊ येतात.

टिळकवाडी_जावा

लॅम्डाचं मान्य, तिथं खरंच त्रास आहे. पण बाकी मी मानत नाही. रनटाइमएक्सेप्शन असतं तरी त्या माणसानं असाच रिकामा कॅच लिहिला असता, आत्ता सापडलं ते नंबरफॉरमॅट पण अनचेक्डच आहे की, ते कंपायलरनं कुठं पकडायला सांगितलं होतं?

पैशाच्या सॉफ्टवेअरमधे मेथडच्या माथ्यावर लिहिलेलं असावं की इथं काय काय बिघडू शकतं. आणि ह्यात ऑब्जेक्ट ओरिएंटेडचा भाग आहे तो पोरांना कुणी सांगत नाही. खानापूरवाल्या, ऐक. 'खातं' नावाचा पेरेंट क्लास आहे, त्यात जमा नावाची मेथड, ती कुठलंच चेक्ड एक्सेप्शन जाहीर करत नाही. त्याचा चाइल्ड (त्याच्यावरून बनवलेला क्लास) 'पिग्मीखातं'. त्यानं जमा ओव्हरराइड केली, म्हणजे स्वतःची वेगळी लिहिली, आणि थ्रोज आयओएक्सेप्शन लिहिलं तर कंपाईल होणार नाही. का? कारण बाहेरच्या कोडच्या हातात 'खातं' टाईपचा रेफरन्स आहे, आत पिग्मी आहे का करंट आहे त्याला ठाऊक नाही, आणि त्यानं आयओएक्सेप्शनची तयारी ठेवलेली नाही. पेरेंटनं दिलेला शब्द चाइल्डला मोडता येत नाही, कमी एक्सेप्शन टाकू शकतो, जास्त नाही. बार्बरा लिस्कोव्ह बाईंचा सब्स्टिट्यूशनचा नियम म्हणतात त्याचाच हा भाग. ह्याच बाईंच्या सीएलयू नावाच्या भाषेत, १९७० च्या दशकात एमआयटीमधे, मेथड कुठली एक्सेप्शन देईल ते तिच्या माथ्यावर लिहायची पद्धत होती. म्हणजे जावानं हवेतून काढलेलं नाही.

बेंगळुरूत_अडकलेला

नियम सुंदर आहे, वापरणारे आपण आहोत. असो, ह्यावर आपलं एकमत व्हायचं नाही. पण एक्सेप्शन परत वर टाकताना दोन्हीकडं पाय घसरतो ते सांगून ठेवतो. सी शार्पमधे कॅचच्या आत नुसतं थ्रो लिहिलं तर मूळ स्टॅक ट्रेस टिकतो, थ्रो ईएक्स (पकडलेल्या एक्सेप्शनचं नाव घेऊन) लिहिलं तर ट्रेस तिथूनच सुरू होतो आणि खरी जागा पुसली जाते. जावात तसं होत नाही कारण तिथं ट्रेस ऑब्जेक्ट तयार होतानाच भरला जातो. पण जावावाले दुसरं करतात, जुनं पकडून त्याजागी नवं एक्सेप्शन टाकतात आणि जुनं कॉज (मूळ कारण) म्हणून द्यायचं विसरतात. मग लॉगमधे 'इंपोर्ट फेल' एवढंच. आता शोध.

चिकोडी_सर

पायथनमधे रेज फ्रॉम ह्याच, मूळ कारण जोडायच्या कामाला आहे. आणि पायथनवाल्यांसाठी, नुसतं एक्सेप्ट आणि कोलन लिहू नका. त्यात कंट्रोल सी दाबल्यावर येणारं कीबोर्डइंटरप्ट पण अडकतं, सिस्टिमएक्झिट पण. म्हणजे तुमचा लूप थांबवायला गेलात तर थांबतच नाही, पोरं टास्क मॅनेजर उघडून मारतात. निदान एक्सेप्ट एक्सेप्शन तरी लिहा, आणि त्याहून चांगलं म्हणजे नाव घेऊन व्हॅल्यूएरर लिहा.

कॅचचा क्रम पण बघा. आधी चाइल्ड क्लास, मग पेरेंट. उलटं लिहिलं तर जावा कंपाईलच करत नाही, पायथन मात्र काही बोलत नाही, खालचा एक्सेप्ट आयुष्यभर चालत नाही आणि तुम्हाला वाटतं आपण सोय केलेली आहे.

खानापूरचा_गडी

सर फायनलीचं सांगा, ट्राय कॅचच्या खाली लिहितात तो भाग. आम्हाला शिकवलंय फायनली काहीही झालं तरी चालतंच चालतं. आमच्याकडं पावसाळ्यात दिवसातनं चारदा लाईट जातीय, तेव्हा पण चालतंय का?

निपाणीचा_पाहुणा

इन्व्हर्टर असंल तर चालतंय.

टिळकवाडी_जावा

हाहा. प्रश्न एकदम बरोबर आहे तुझा. लाईट गेली तर फायनली नाही चालत. सिस्टिम डॉट एक्झिट मारलं तरी नाही, प्रोसेस बाहेरून किल केली तरी नाही. फायनली हे त्या चालू प्रोग्रॅमच्या आतलं वचन आहे, मशीनच आडवं झालं तर कोण पाळणार. त्यासाठी डेटाबेसचं ट्रान्झॅक्शन, म्हणजे नोंदी एकतर सगळ्या नाहीतर एकही नाही. कमिट (सगळं पक्कं) व्हायच्या आधी लाईट गेली तर डेटाबेस परत चालू झाल्यावर अर्धवट नोंदी स्वतः काढून टाकतो, त्याला तुझ्या फायनलीची गरज नाही. ताई, तुमच्या इंपोर्टला ट्रान्झॅक्शन आहे का बघा, मला तर वाटतं ऑटोकमिट चालू असणार, प्रत्येक ओळ आली की पक्की.

आणि फायनलीच्या आत रिटर्न लिहू नकोस रे कधी. ट्रायमधून एक्सेप्शन वर निघालं असेल आणि फायनलीत रिटर्न आलं तर ते एक्सेप्शन हवेत विरून जातं, मेथड नीट संपल्यासारखी परत जाते. जावात पण, पायथनमधे पण. पायथन ३.१४ तर आता त्यावर वॉर्निंग देतं. हा पण रिकामा कॅचच, फक्त दिसत नाही.

फाईल, कनेक्शन बंद करायला जावा ७ पासून, म्हणजे २०११ पासून, ट्राय विथ रिसोर्सेस आहे ते वापरा. जुन्या फायनली पद्धतीत फाईल वाचताना एक एक्सेप्शन आणि बंद करताना दुसरं आलं तर दुसरंच वर जायचं, पहिलं खरं कारण गडप. नव्या पद्धतीत पहिलं वर जातं आणि दुसरं त्याला सप्रेस्ड म्हणून जोडलेलं राहतं.

उद्यमबाग_सीपीपी

सी प्लस प्लसमधे फायनली नाहीच, आणि आम्हाला त्याची उणीव पण वाटत नाही. एक्सेप्शन वर जाताना वाटेतल्या प्रत्येक फंक्शनमधल्या लोकल ऑब्जेक्टचे डिस्ट्रक्टर (ऑब्जेक्ट संपताना चालणारा कोड) आपोआप चालतात, त्यामुळं फाईल उघडणं कन्स्ट्रक्टरमधे (ऑब्जेक्ट तयार होताना चालणारा), बंद करणं डिस्ट्रक्टरमधे, संपलं. फक्त डिस्ट्रक्टरमधून एक्सेप्शन बाहेर जाऊ द्यायचं नाही, आधीच एक वर चाललंय आणि त्यात दुसरं निघालं तर प्रोग्रॅम थेट टर्मिनेट. कन्स्ट्रक्टरमधे एक्सेप्शन आलं तर ते ऑब्जेक्ट जन्मलंच नाही असं धरतात, त्याचा डिस्ट्रक्टर चालत नाही, पण आतले जे मेंबर तयार झाले होते त्यांचे चालतात. इंटरव्ह्यूला विचारतात हे. आणि कॅच करताना रेफरन्सनं पकडा, व्हॅल्यूनं पकडलं तर चाइल्डचा चाइल्डपणा कापला जातो, हातात नुसता पेरेंट उरतो.

आमच्या कंट्रोलरच्या कोडमधे मात्र आम्ही एक्सेप्शन बंदच ठेवलंय, कंपायलरच्या फ्लॅगनं. मशीनचा हात हलतोय आणि त्यात किती वेळ लागेल ते आधी सांगता आलं पाहिजे, एक्सेप्शन फेकल्यावर स्टॅक उलगडायला किती लागेल ते नक्की सांगता येत नाही. न फेकता नुसतं ट्राय लिहिलं तर आताच्या कंपायलरवर जवळजवळ काही खर्च नाही, फेकलं की महाग. म्हणून आम्ही रिटर्न कोड. गो भाषेत पण एरर ही साधी व्हॅल्यू म्हणूनच परत येते, रस्टमधे रिझल्ट. त्यात रस्ट बरं, रिझल्ट न बघता टाकून दिला तर कंपायलर निदान वॉर्निंग तरी देतो.

बेंगळुरूत_अडकलेला

गो मधे पण लोक अंडरस्कोर लिहून एरर टाकून देतात बरं का. आळशी माणसाला कुठलीच भाषा अडवत नाही.

उद्यमबाग_सीपीपी

ते आहेच. पण मंडळी सगळे पकडा पकडा म्हणतायत, तर एरियान ५ चं सांगतो. ४ जून १९९६, फ्रेंच गयानातल्या कुरूमधून पहिलंच उड्डाण, सदतीस सेकंदांच्या आसपास रॉकेट वाट सोडून वळलं आणि फुटलं, वर चार क्लस्टर उपग्रह. कोड एडा भाषेतला, एरियान ४ मधून आणलेला. ६४ बिटचा फ्लोटिंग आकडा १६ बिटच्या इंटिजरमधे घालताना मावला नाही, कारण नव्या रॉकेटचा आडवा वेग जुन्यापेक्षा जास्त. एक्सेप्शन बरोबर आलं. तशा सात व्हेरिएबलपैकी चारांना संरक्षण दिलं होतं, तिघांना नाही, प्रोसेसरवर लोड नको म्हणून, आणि हा त्या तिघांतला. आणि धोरण काय होतं, एक्सेप्शन आलं की समजायचं हार्डवेअर बिघडलं आणि ते युनिट बंद करायचं. बॅकअप युनिटवर तेच सॉफ्टवेअर, ते त्याच कारणानं आधीच बंद पडलेलं. मग बंद पडलेल्या युनिटनं पाठवलेली डायग्नोस्टिक माहिती मुख्य कॉम्प्युटरनं उड्डाणाची माहिती म्हणून वाचली आणि रॉकेट वळवलं. सगळ्यात वाईट म्हणजे जो हिशेब चालला होता त्याचा उड्डाण झाल्यावर काही उपयोगच नव्हता.

तिथं एक्सेप्शन कुणी दाबलं नव्हतं. आल्यावर काय करायचं ते ज्यांनी ठरवलं त्यांच्या डोळ्यासमोर सॉफ्टवेअरची चूक नव्हतीच, फक्त हार्डवेअर होतं. टिळकवाडी काकांनी निर्णय कोण घेणार ते विचारलं, त्यात हे पण धरा, की निर्णय कुठल्या समजुतीवर घेतलाय.

वडगावकरीण

बापरे. आमचं पन्नास रुपयांचं प्रकरण त्यापुढं काहीच नाही.

मी काल बसून असं केलं, बघा जमलंय का. ओळ वाचणारी मेथड आता काहीच गिळत नाही. तिथं नंबरफॉरमॅट आलं तर ते पकडून माझं स्वतःचं एक्सेप्शन वर टाकते, 'खराबओळएक्सेप्शन' नावाचा क्लास केलाय, त्यात एजंट कोड, ओळ नंबर, मूळ मजकूर आणि कॉज पण जोडलंय. फाईलची मेथड ते पकडते, यादीत ठेवते, पुढच्या ओळी वाचत राहते म्हणजे त्या फाईलमधल्या सगळ्या खराब ओळी एकदम कळतात. एक जरी खराब निघाली तर त्या एजंटाची अख्खी फाईल रोलबॅक (टाकलेलं सगळं परत काढणं), बाकी एजंटांचं चालू. एसक्यूएलएक्सेप्शन मात्र ह्या कुठंच पकडत नाही, ते वर मेनजवळ जातं आणि सगळं थांबतं. हो काका, ऑटोकमिट चालूच होतं, बंद केलं.

मॅनेजरांना विचारलं होतं की खराब ओळ सोडून बाकीच्या टाकू का. ते म्हणाले अजिबात नको, अर्धी फाईल जमा झाली तर कॅश कशाशी जुळवायची. म्हणजे निर्णय त्यांचाच निघाला.

आता अडचण मेसेजची. काउंटरवर एक मॅडम कन्नड वाचतात, एक काका फक्त मराठी. एक्सेप्शनचा मेसेज कुठल्या भाषेत लिहू?

टिळकवाडी_जावा

मस्त केलंत. एक्सेप्शनच्या मेसेजात काउंटरची भाषा घालूच नका. तो मेसेज तुमच्यासाठी, लॉगसाठी. एक्सेप्शनमधे एक कोड ठेवा आणि आकडे ठेवा, आणि वाक्य शेवटी स्क्रीनपाशी रिसोर्सबंडलमधून काढा, एक फाईल मराठी, एक कन्नड, कोण लॉगिन आहे त्याप्रमाणं. नाहीतर उद्या लॉगमधे अर्धी वाक्यं कन्नडमधे अर्धी मराठीत आणि तुम्हाला सर्च मारता येत नाही. थ्रोएबलमधे गेटलोकलाइज्डमेसेज नावाची मेथड आहे, पण ती मूळची गेटमेसेजच परत देते, आपण ओव्हरराइड केली तरच उपयोग, आणि मला तरी स्क्रीनचं काम एक्सेप्शन क्लासमधे घालणं आवडत नाही.

एक सांभाळा, बंडलमधे ती की (त्या वाक्याचं नाव) नसेल तर गेटस्ट्रिंग स्वतःच मिसिंगरिसोर्सएक्सेप्शन टाकतं, अनचेक्ड. म्हणजे एरर दाखवायला गेलेला कोडच फुटतो आणि मूळ एरर बाजूला राहते. दोन्ही फायलींत सगळ्या की आहेत का ते बघणारी एक टेस्ट लिहून ठेवा.

निपाणीचा_पाहुणा

मेसेज दोन्ही भाषांत दाखवा, कन्नड वर, मराठी खाली. नाहीतर वेगळाच वाद सुरू व्हायचा.

वडगावकरीण

पाहुणे, त्याचा विचार आधीच झालाय. हाहा.

शेवटचा प्रश्न. मागच्या गायब झालेल्या पहिल्या ओळी आता भरायच्या आहेत. जुन्या फायली सगळ्या आहेत, एका फोल्डरमधे पडलेल्या. त्या परत इंपोर्ट केल्या तर आधी जमा झालेल्या ओळी दुसऱ्यांदा जमा होतील. प्रत्येक ओळ आधी सिलेक्ट मारून आहे का बघू आणि मग घालू का?

चिकोडी_सर

एकच प्रोग्रॅम चालणार असेल तर ते पण चालेल, पण आधी विचारून मग घालण्यात मधे फट राहते, त्या फटीत दुसऱ्या कुणी तीच ओळ घातली तर डबल. एजंट कोड, तारीख आणि पावती नंबर मिळून डेटाबेसमधे युनिक की (दोनदा येऊच शकत नाही अशी जोडी) करा आणि सरळ इन्सर्ट मारा. आधीची असेल तर डेटाबेसच नाही म्हणेल. पायथनवाले ह्या पद्धतीला परवानगीपेक्षा माफी सोपी म्हणतात.

टिळकवाडी_जावा

सहमत. आणि ते नाही म्हणणं तुम्हाला बहुतेक एसक्यूएलइंटिग्रिटीकन्स्ट्रेंटव्हायोलेशनएक्सेप्शन ह्या लांबलचक नावानं येईल, एसक्यूएलएक्सेप्शनचा चाइल्ड आहे तो. ते तेवढं तिथंच पकडा, 'आधीच जमा' म्हणून मोजा आणि पुढं चला. पण फॉरेन की (दुसऱ्या टेबलात ती नोंद असलीच पाहिजे हा नियम) मोडली तरी हेच नाव येतं, म्हणजे खातंच अस्तित्वात नाही अशी ओळ पण 'आधीच जमा' म्हणून निघून जाईल, तेव्हा आतला एरर कोड तपासा, डुप्लिकेटचा असेल तरच गिळा, नाहीतर वर जाऊ द्या. कोड कुठला ते तुमचा डेटाबेस कुठला त्यावर. आणि काही डेटाबेसांत एक इन्सर्ट फेल झालं की अख्खं ट्रान्झॅक्शन अडून बसतं, पोस्टग्रेस त्यातलाच, तसं असेल तर प्रत्येक ओळीआधी सेव्हपॉइंट (तिथंपर्यंत मागं येता येईल अशी खूण) टाका.

वडगावकरीण

मायएसक्यूएल आहे. मग डुप्लिकेटचा एरर कोड १०६२ बघते. फॉरेन की आहेत का तेच आता बघायला पाहिजे, त्या माणसानं केल्या असतील असं वाटत नाही.